गोल कुणी मारला, आणि पास कुणी दिला?

(एस.एस.सी. मार्च १९८९ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण. वक्त्या सध्या तालुक्यातच माध्यमिक शिक्षिका आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. शिक्षिकेच्या हातात माईक दिला की दहाची वीस होतात, हे त्यांना माहीत असणार, म्हणूनच त्यांनी जेवणाआधी मला उभं केलंय. भूक लागली की लोक टाळ्या वाजवून वक्त्याला खाली बसवतात, असा त्यांचा हिशेब असावा.

सकाळपासून आठवणी चालल्या आहेत. कुणाला प्रार्थनेच्या वेळी उशिरा आल्यावर खाल्लेल्या छड्या आठवल्या, कुणाला काळभैरीच्या यात्रेत बुडवलेली शाळा आठवली. मीही एक आठवणच सांगणार आहे, पण ती थोडी अडचणीची आहे. पस्तीस वर्षं ती माझ्याजवळ होती. आज सांगायची असं ठरवून आले आहे, कारण ती ज्याच्याबद्दल आहे तो समोर तिसऱ्या ओळीत बसलाय. त्याचं नाव मी घेणार नाही. सकाळी चहा पिताना त्यानंच मला बजावलंय, "काय बोलायचं ते बोल, पण माझं नाव घेऊ नको."

आपण नववीत होतो. १९८७-८८ चं वर्ष. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या वर्गातून पाच जणांचा गट निवडला होता आणि विषय होता जलविद्युत केंद्र. आमच्यातल्या चौघांना त्यातलं काहीही येत नव्हतं. येत होतं ते फक्त याला. सायकलच्या जुन्या रिंगला त्यानं डालड्याच्या डब्याचे पत्रे कापून पाती बसवली. वडिलांच्या सायकलचा डायनॅमो काढून आणला. पहिल्यांदा त्यानं डायनॅमो चाकाच्या मधल्या दांड्याला जोडला, तर दिवा लागेना. वरून बादलीनं कितीही पाणी ओता, दिवा ढिम्म. आम्ही चौघं म्हणालो, राहू दे, आपण नुसतं मॉडेल ठेवू. याचं मात्र डोकं चालूच. दोन दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की मधला दांडा सावकाश फिरतो, पण रिंगची कडा जोरात पळते. मग त्यानं डायनॅमोचं छोटं चाक रिंगच्या कडेला टेकवलं. दिवा लागला. मिणमिणता होता, पण लागला. शाळेच्या मागच्या हौदाजवळ आपण केवढा आरडाओरडा केला होता, आठवतंय का?

आता प्रदर्शनाचा दिवस. परीक्षक आले. बोलायला कोण उभं? मी. कारण माझं पाठांतर चांगलं, आवाज खणखणीत, आणि वक्तृत्व स्पर्धेत माझा नंबर आलेला. "पाण्याच्या स्थितिज ऊर्जेचे रूपांतर गतिज ऊर्जेत होते," असं मी घडाघडा म्हणून दाखवलं. हा बिचारा टेबलामागे उभा राहून बादलीनं पाणी ओतत होता. परीक्षकांनी मला विचारलं, "डायनॅमो कडेलाच का लावला?" मी तेच पाठ केलेलं वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं. ते हसले आणि पुढं गेले. त्यांनी याला विचारलं नाही आणि मीही म्हटलं नाही की, सर, हे यानं केलंय, याला विचारा.

आपला दुसरा नंबर आला. फोटोत मी मध्ये आहे. त्याच्या हाताचा फक्त कोपरा दिसतो, आणि बादली.

आज याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांचे पंप जळले की याच्याकडे येतात. म्हणजे त्याचं काही अडलं नाही. पण त्या दिवशी तो काय शिकला होता हे त्याला कुणी विचारलं नाही आणि मी काहीच शिकले नव्हते हे कुणाला कळलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते, तो दुसरा नंबर तुझा होता.

आता तुम्ही म्हणाल, पोरसवदा वयातली गोष्ट, त्यात काय एवढं. मीही तसंच म्हणाले असते. पण पुढं मी शिक्षिका झाले आणि तीच चूक टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं केली. ही दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

मी आपल्या तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावात शिकवते. तिथं घरात कन्नड आणि शाळेत मराठी. काही वर्षांपूर्वी आठवीच्या पाच मुलांचा गट घेऊन मी एक प्रकल्प केला, गावातल्या विहिरींची पाणीपातळी. दर हातावर गाठ मारलेला एक दोर, त्याच्या टोकाला दगड. गांधी जयंतीच्या आठवड्यापासून दर रविवारी सात विहिरी मोजायच्या, काठापासून पाण्यापर्यंत किती हात, हे लिहायचं. पाऊस संपल्यावर पाणी कसं खाली जातं, हे दाखवायचं होतं.

दोर सोडायचं काम एका मुलीकडे होतं. बोलायची कमी. मराठी बोलताना मध्येच कन्नड शब्द यायचा आणि मग ती गप्प व्हायची. डिसेंबरमध्ये आम्ही तक्ता काढायला बसलो. सहा विहिरींच्या रेघा छान खाली उतरत गेलेल्या. सातवी, नदीजवळची, नोव्हेंबरात वर चढलेली. सगळीकडे पाणी खाली जातंय आणि हिच्या विहिरीत वर येतंय. मी म्हणाले, "मापायला चुकलीस." ती म्हणाली, "नाही बाई, खरंच वर आलंय." मी म्हणाले, "पाऊस नाही, काही नाही, वर कसं येईल?" आणि ती रेघ मी खोडली. सात विहिरींच्या सहा केल्या. तक्ता देखणा दिसायला लागला.

बोलायला मी कुणाला निवडलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. वर्गातला सगळ्यात चुरचुरीत मुलगा. त्याच्याकडून पंधरा दिवस पाठ करून घेतलं.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. मुलाचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "गावाजवळ नदी आहे ना? मग नदीकाठची एकही विहीर कशी मोजली नाही?" मुलानं माझ्याकडे बघितलं. मी चटकन दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मोजली की. पाणी वर आलं. बाई म्हणाल्या चुकलं, म्हणून काढलं."

त्यांनी तिला पुढं बोलावलं. "कधी वर आलं पाणी?"

ती म्हणाली, "बंधाऱ्याला बरगे घातले, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

आपल्यापैकी शेतीतल्या लोकांना आता काही सांगायची गरज नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्या जिल्ह्याच्याच नावानं ओळखला जातो. पावसाळ्यात तो मोकळा असतो, पुराचं पाणी निघून जातं. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे बसवतात आणि नदी अडते. आंबोलीजवळ उगम पावणारी आपली हिरण्यकेशी आजऱ्याहून आपल्याकडे येते आणि पुढं कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. पावसाळ्यानंतर ती आपल्या भागात जी भरलेली दिसते ती या बंधाऱ्यांमुळे. पाणी अडलं की ते काठच्या जमिनीत मुरतं आणि जवळच्या विहिरी वर येतात. तिनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. दर रविवारी दोर सोडला होता आणि आजूबाजूला काय चाललंय ते बघितलं होतं. तिच्या वहीत बरगे घातल्याची तारीखसुद्धा होती. मी ती वही नीट उघडून बघितलीच नव्हती.

परीक्षक एवढंच म्हणाले, "बाळ, हाच तर तुमचा प्रकल्प होता."

आम्हाला नंबर मिळाला नाही. परत येताना एस.टी.त ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, रागावलात?" मी नाही म्हणाले. पण "माझं चुकलं" हे म्हणायला मला सोमवारच्या परिपाठापर्यंत वेळ लागला. तेव्हा मला हौदाजवळची ती बादली आठवली. मी जे पस्तीस जणांच्या वर्गात एका मित्राच्या बाबतीत केलं होतं, तेच आता बाईंच्या खुर्चीत बसून एका मुलीच्या बाबतीत केलं होतं.

मित्रहो, आपण गडहिंग्लजची माणसं. आपल्याकडे फुटबॉल कळतो. मैदानाच्या कडेला उभा असलेला म्हातारासुद्धा गोल झाल्यावर आधी काय म्हणतो? "पास बघितलास का?" गोल मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण पास कुणी दिला हे आपण विसरत नाही. मग हीच नजर आपण शाळेतल्या प्रकल्पाकडे बघताना कुठं ठेवून येतो?

आता सगळ्याच शाळांत प्रकल्प असतात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून तर प्रत्येक विषयात उपक्रम आणि प्रकल्प आले. पण प्रत्यक्षात काय होतं ते इथले सगळे पालक जाणतात. आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात जाऊन तयार चित्रांचे तक्ते आणायचे, वडिलांनी कापायचे, आईनं चिकटवायचे, आणि मुलानं वर नाव घालायचं. पूर्वी थर्माकोल असायचा. २०१८ साली राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा त्याची जागा पुठ्ठ्यानं घेतली, एवढाच फरक. गटाचा प्रकल्प असेल तर एक जण करतो, एक जण बोलतो आणि तीन जण रांगेत उभे राहतात. गुण मात्र पाचांना सारखेच.

त्या एस.टी.च्या प्रवासानंतर मी काय काय बदललं ते सांगते. मोठा शोध नाही. बऱ्याच गोष्टी दुसऱ्यांकडून घेतल्या, काही चुकतमाकत सापडल्या.

पहिली गोष्ट, वही. प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून गटाची एक वही. आज कोण आलं, काय केलं, काय बिघडलं. बिघडलं ते लिहायलाच पाहिजे आणि वहीतलं काहीही खोडायचं नाही. चुकलंय असं वाटलं तर शेजारी लिहायचं, "हे चुकलं असावं, पुन्हा बघायचं." राष्ट्रीय बालविज्ञान परिषद देशभरात १९९३ पासून चालू आहे. दहा ते सतरा वयाची मुलं आपल्याच भागातला एखादा प्रश्न घेऊन गटानं काम करतात आणि तिथं अशी नोंदवही मागतात. मांडणीला आठ मिनिटं मिळतात, ती आपल्या भाषेत करायची मुभा असते. मला त्यातली वहीची अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. वही बघितली की काम कुणी केलं ते आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट, तक्ता. पूर्वी आमच्या तक्त्यावर उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष असायचं. मुलं ते पाठ करायची. आता आम्ही चार कागद लावतो. पहिल्यावर, "आधी आम्हाला काय वाटत होतं." दुसऱ्यावर, "आम्ही काय केलं." तिसऱ्यावर, "आता काय वाटतं आणि का." आणि चौथ्यावर, "अजून काय कळलेलं नाही." पहिला आणि तिसरा कागद सारखाच असेल तर मी मुलांना म्हणते, मग आपण शिकलो काय? आणि चौथा कागद रिकामा ठेवायला परवानगी नाही. सुरुवातीला मुलांना तो लाजिरवाणा वाटायचा. आता त्याच कागदापुढं बघणारे जास्त वेळ थांबतात.

तिसरी गोष्ट, कोण बोलणार. मी नियम केला, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल तो बोलेल. म्हणजे सगळ्यांना सगळं कळलं पाहिजे. ऐकायला छान वाटतं ना? पहिल्याच वर्षी एका मुलाचं नाव आलं आणि तो सगळ्यांसमोर रडायला लागला. त्याला सगळं येत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. चूक पुन्हा माझीच. माणूस मैदानात उतरवायच्या आधी सराव लागतो, हे फुटबॉलच्या गावातल्या बाईला कळायला हवं होतं. मग नियम बदलला. आता दोघं दोघं उभी राहतात. एक सांगतो, दुसरा दाखवतो, मध्येच अदलाबदल करतात. जो बोलायला घाबरतो तो आधी हातानं दाखवतो, दोर सोडतो, माप घेतो. हात कामात गुंतले की तोंड आपोआप सुटतं, हे मी कितीतरी मुलांत बघितलंय.

चौथी गोष्ट, सराव कुणापुढं करायचा. एकदम परीक्षकांपुढं नाही. आधी पाचवीच्या वर्गापुढं. पाचवीची पोरं फार चांगली परीक्षक असतात. त्यांना "गतिज ऊर्जा" म्हटलं की ती विचारतात, "म्हणजे काय?" आणि तिथं पाठांतर संपतं. मग घरच्यांपुढं. विहिरीच्या मुलांनी पुढच्या वर्षी तोच प्रकल्प पुन्हा केला, या वेळी सातही विहिरींचा, आणि तो ग्रामपंचायतीच्या पारावर मांडला. त्या मुलीनं अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये सांगितलं. समोर बसलेल्या बायका-माणसांना दोन्ही कळतं, त्यामुळे कुणी हसलं नाही. एक आजोबा उठून म्हणाले, "बरगे लवकर काढले त्या वर्षी आमची पण विहीर आटली होती." तिनं ते तिथंच चौथ्या कागदावर लिहून घेतलं. घरची भाषा तोंडात आली की मूल गप्प व्हायचं कारण उरत नाही, हे मला त्या पारावर कळलं. त्याआधी मी तिला "शुद्ध बोल" म्हणून कितीदा अडवलं होतं, ते मोजायचं धाडस माझ्यात नाही.

पाचवी गोष्ट, ऐकणाऱ्यांनी काय म्हणायचं. आपल्याकडे दोनच प्रकार. "छान, छान" नाहीतर "हे असं नाही, तसं पाहिजे होतं." अमेरिकेतले एक शिक्षक आहेत, रॉन बर्गर. त्यांनी एका पहिलीतल्या मुलाची गोष्ट सांगितली आहे. ऑस्टिन त्याचं नाव. त्याला फुलपाखराचं चित्र काढायचं होतं. पहिलं चित्र आपल्या पहिलीतल्या मुलांसारखंच, कसंतरी. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी त्याला सांगितलं, पंखाचा आकार त्रिकोणी कर, आता आतली नक्षी बघ, आता रंग. सहाव्या वेळी त्यानं जे काढलं ते बघून पहिलीच्या मुलाचं आहे हे खरं वाटत नाही. त्यांचा नियम असा, बोलणं प्रेमाचं हवं, नेमकं हवं आणि उपयोगी हवं. आम्ही तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. "तक्ता छान आहे" हे प्रेमाचं झालं, पण उपयोगी नाही. "अक्षर मागच्या बाकावरून दिसत नाही" हे तिन्ही आहे. गंमत म्हणजे मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

हे सगळं बाहेरच्या देशातून आलं असं समजू नका. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. आयुष्यभर शिक्षकांना शिकवलेल्या बाई, निवृत्तीच्या वयात लहान मुलांची मराठी शाळा काढून बसल्या. मूल स्वतःच्या अनुभवातून शिकतं आणि ते स्वतःच्या शब्दांत मांडायला त्याला वाव दिला पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं आणि लिहून ठेवलं. २०२० साली त्या गेल्या. त्यांची पुस्तकं मी डी.एड.ला असताना वाचली असती तर एक विहीर वाचली असती. पण ती मला हातात घ्यावीशी वाटली ती चूक झाल्यावरच.

शेवटची गोष्ट, गुण. पूर्वी गटाला एकच आकडा द्यायचे. आता मांडणी झाल्यावर प्रत्येकाला बाजूला घेऊन दोन मिनिटं बसते आणि दोनच प्रश्न विचारते. "तू काय केलंस?" आणि "तुझ्या गटातल्या कुणामुळे तुला काय कळलं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी जास्त लक्ष देऊन ऐकते. गटातली चार मुलं एकाच मुलीचं नाव घेतात, आणि ती मुलगी तक्त्याजवळ कुठंच दिसलेली नसते, असं अनेकदा होतं. तिथं मला पास कुणी दिला ते कळतं.

या सगळ्याला वेळ लागतो, हे मी लपवत नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो, शाळाबाह्य कामं असतात, साठ-सत्तर मुलांचे वर्ग असतात. इथे बसलेले आजचे शिक्षक मनात म्हणत असतील, बाई, भाषण करणं सोपं आहे. खरं आहे. म्हणून मी वर्षात एकच प्रकल्प असा करते. बाकीचे तुमच्यासारखेच, कापा आणि चिकटवा.

आता मूळ मुद्द्यावर येते. गेले दोन महिने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे, शाळेला भेट काय द्यायची. कुणी म्हणतं प्रवेशद्वार, कुणी म्हणतं पाणी शुद्धीकरणाचं मशीन, कुणी म्हणतं डिजिटल बोर्ड. जे ठरेल त्यात माझी वर्गणी आहेच. पण मला त्याबरोबर आणखी एक मागायचंय, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मुलं प्रकल्प करतात, पण ते ऐकायला कोण असतं? दोन परीक्षक, तेही घाईत. प्रत्येक टेबलापुढं तीन मिनिटं. मुलाला कळतं की समोरच्याला आपलं ऐकायचं नाहीये, फक्त गुण द्यायचेत. मग ते पाठ केलेलं बोलतं. खरं ऐकणारा समोर असेल तर मूल पाठ केलेलं बोलूच शकत नाही.

आणि ऐकणारे म्हणून आपल्यापेक्षा चांगले कोण मिळणार? आपल्यात मार्केट यार्डात संकेश्वरी मिरचीचा व्यापार करणारे आहेत. साखर कारखान्यातले आहेत. उपजिल्हा रुग्णालयातल्या सिस्टर आहेत. सैन्यातून निवृत्त झालेले तिघं आहेत. घर सांभाळून शेती करणाऱ्या आहेत, ज्यांना विहिरीबद्दल माझ्यापेक्षा दहापट कळतं. आणि पंपाची मोटार का जळते हे सांगू शकणारा एक जण तिसऱ्या ओळीत आहे. मुलांनी मिरची वाळवताना वजन किती घटतं याचा प्रकल्प केला, तर ते समजून प्रश्न विचारणारा माणूस कुठल्या विद्यापीठातून आणायचा? तो आपल्या यार्डातच बसलाय.

म्हणून माझी विनंती अशी. दर जानेवारीत एक शनिवार दुपार. आपल्यापैकी वीस जणांनी शाळेत यायचं. प्रत्येकानं एका गटापुढं खुर्ची घेऊन अर्धा तास बसायचं. भाषण करायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही, हार-नारळ घ्यायचे नाहीत. फक्त तीन प्रश्न विचारायचे. "आधी तुम्हाला काय वाटत होतं?" "कुठं अडलं?" आणि जो मागं उभा आहे, बादली धरून, त्याच्याकडे बघून, "तू काय केलंस रे?"

मुख्याध्यापक सरांशी मी कालच बोलले आहे. ते म्हणाले, जागा आणि मुलं आमची, ऐकणारे तुम्ही आणा. बाहेर नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाताना तिथं नाव लिहून जा. पहिलं नाव मी सकाळीच लिहिलंय. दुसरी ओळ मोकळी ठेवली आहे, ती कुणासाठी हे तिसऱ्या ओळीतल्याला कळलं असेल. बाबा रे, या वेळी तू खुर्चीत बस, पाणी ओतायला मी येते.

सरांनी आणि बाईंनी आपल्याला जे दिलं ते मोजायचं नसतं. पण आमच्या विज्ञानाच्या सरांना एक सांगते. सर, त्या दिवशी हौदाजवळ दिवा लागला तेव्हा तुम्ही खिडकीतून बघत होतात आणि ओरडणाऱ्या पोरांना गप्प केलं नाहीत. तो गोंधळ तुम्ही चालू दिलात. आज मी वर्गात थोडा गोंधळ चालू देते तो तिथून शिकले.

दहाची वीस झाली आहेत, सूत्रसंचालक घड्याळाकडे बघतायत. जेवण तयार आहे, वही बाहेर आहे.